कूलरच्या आतल्या पत्र्यावर

होळीची राख थंड होते न होते
तोच रामेश्वरीतल्या आमच्या गल्लीत
गच्च्यांवरून कूलर उतरू लागतात,
कुणाचा दोराने, कुणाचा जावयाच्या भरवशावर.
आमचा कुठे जात नाही. बाराही महिने खिडकीलाच.
थंडीत त्याच्यावर जुनी चादर,
आणि आत एक पाल,
जी यंदाही माझ्याआधी हजर.

हे काम दरवर्षी यांचं.
यंदा गुडघा बदलून आणलाय,
म्हणून खुर्चीतून नुसत्या सूचना:
"पहिले प्लग काढ. काढला का? परत पाह्य."
"ताटी ओढू नको. वर उचल, मग ओढ."
"काहून एवढं घासून राहिली? पत्रा फाटून जाईल ना!"

घासतेय, कारण मीठ आहे.
ताटीच्या गवताला, पंपाच्या जाळीला,
टाकीच्या चारी कोपऱ्यांना
बोअरच्या पाण्याने गेल्या उन्हाळ्यात ठेवलेलं,
पांढरं, कडक, नखात शिरणारं.
हे म्हणतात, क्षार.
मी रेडीची. माझ्या जिभेला दुसरा शब्द येत नाही.

रेडीला मिरगाच्या आधी
आई बिजागऱ्यांना खोबरेल चोळायची,
पडवीला झडी बांधायची,
आणि बाबा होडी पालथी घालून
सांध्यांत कापूस ठोकत,
वरून काजूच्या सालीचं तेल.
तिथे सगळा खटाटोप पाणी आत येऊ नये म्हणून.
इथे मी उकिडवी बसलेय
पाणी आतच राहावं म्हणून,
ब्लॅक जपानचा ब्रश घेऊन,
पुढ्यात पालथी टाकी.
सदतीस वर्षं झाली या गावात. कधी ध्यानातच आलं नाही.

उजवी ताटी निघाली
तेव्हा आतल्या पत्र्यावर अक्षरं दिसली.
पांढऱ्या ऑइलपेंटची, बारीक, एकाखाली एक,
लोको शेडमध्ये इंजिनावर तारीख टाकतात तशी.

९४. नवा पंप.
९७. मोटर बांधली. कवडू. १८० रु.
०१. गवत नको, खस. वास आवडतो म्हणते.
०६. तळाला एम-सील.
०८. लावला नाही.
०९. दोन्ही पंप नवे.

०८.
त्या साली मी शिमग्याला माहेरी गेले
आणि आषाढात आले.
का गेले, ते मला सांगता येतं,
का आले, ते अजून नाही.
त्या मे महिन्यात, नवतप्यात,
रेडीच्या पडवीत मी पंख्याशिवाय झोपत होते, वाऱ्यावर,
आणि इथे या खोलीत, बंद चादरीच्या कूलरशेजारी,
एक माणूस सेहेचाळीस डिग्रीत
रात्रभर कूस बदलत असणार.
हे मला कोणी सांगितलं नाही.
शेजारच्या वैरागडेबाईंनीसुद्धा नाही,
ज्यांना सगळं सांगायची सवय आहे.

"काय झालं? थांबली काहून?"
"काही नाही. पाल."
"राहू दे तिला. मच्छर खाते."

दुपारी कवडूचा पोरगा प्रफुल येऊन गेला.
नळीची भोकं टाचणीने मोकळी केली,
अर्थिंग तपासलं, तीनशे मागितले,
यांनी अडीचशे दिले, मी मागून पन्नास.
मग नवी खस बसवायच्या आधी
ब्रशात उरलेल्या काळ्या रंगाने
त्या पांढऱ्या रांगेच्या खाली लिहिलं:

२५. मीठ काढलं.

अक्षर वाकडं आलं. ओघळ गेला थोडा.
पुढच्या वर्षी गुडघा चालला
तर हे स्वतः ताटी काढतील, वाचतील,
आणि काही बोलणार नाहीत, हे मला ठाऊक आहे.

बटण दाबलं.
पहिल्या झोताबरोबर गेल्या वर्षीचा कचरा
थेट त्यांच्या धुतलेल्या बनियनवर.
"टाकीच्या रंगाचा वास येईल दोन दिवस,"
अंग झटकत म्हणाले,
"दार उघडं ठेवत जा रात्री."